उघाडी

सात वर्षं बाबाच्या छातीत होती ती.
गुराच्या काळजावरचा पापुद्रा
औषधात मुरवून, शिवून केलेली
तीन पाकळ्यांची झडप.
आषाढात बरणीतून माझ्याच टेबलावर आली.
वर चिकटवलेलं: हसुराम चाहू म्हात्रे, वय ६१.
मॅडम म्हणाल्या, ही दुसरं कुणी कापेल.
मी म्हटलं, कापते.

आता भाद्रपद. दोन दिवस पाऊस उघडलाय.
आम्ही बांधावर बसलोय, धरमतरच्या खाडीकडे पाय सोडून.
खोकला आला की तो छातीशी उशी दाबतो,
मोरांच्या अभ्र्याची, घरून आणलेली.
"काय दिसला तुला, निमे?"

दाढ काढलीस ना पेणला, मी म्हणते,
आधीची गोळी न घेता.
तिथून शिरले रक्तात, मण्यांच्या माळेसारखे,
आणि पाकळीवर येऊन बसले,
खडकावर कालवं बसतात तसे.

"कालवा खडक खात नाय," तो म्हणतो.
"चिंबोरी सांग."

बरं. चिंबोरी.
पापुद्र्यात धागे असतात, पेंढ्याच्या काड्यांसारखे,
एकाला एक बिलगून.
काचेखाली पाहिले तेव्हा ते सुटले होते,
मधे ठिपक्यांची दाटी.
शिवणीजवळची कड फाटलेली
आणि एका पाकळीला भोक,
तांदळाचा दाणा जाईल एवढं.
दर ठोक्याला थोडं रक्त उलटं येत होतं.
म्हणून तू रात्री उठून बसायचास,
म्हणून चपला पायात शिरत नव्हत्या.

आणि सगळं त्यांनीच केलं असंही नाही.
आपल्याच रक्तातले राखणदार धावत आले,
त्यांना मारायला रस सोडला.
किडे मेले थोडे,
पापुद्रा विरघळला जास्त.

तो हसतो. जपून, उशीवर हात ठेवून.
"खांड परली त्या वर्षी
जोळातली चालीस मानसा धावली, रातची.
खांड बांधली बरोब्बर.
सकाली बघतो तं राताचा येक रोप उभा नाय.
समदा आमीच तुरवलेला."

मग बराच वेळ उघाडीकडे बघतो.
शेतातलं पाणी फळी ढकलून बाहेर पडतंय,
भरती आली की तेच पाणी तिला मिटवील.
"आनि दुरुस्तीला? त्या पाकलीत कोन व्हता?"

कुणी नव्हतं.
मेलेलं कातडं आहे ते, बाबा.
जिवंत झडप भोक पडलं तर
निदान वेडावाकडा वण तरी धरते.
ही नुसती उघडते आणि मिटते.

"म्हंजे फली."
हो. फळी.

नवीही गुराचीच आहे, हे त्याला माहीत आहे.
बेचाळीस दिवस सुया टोचल्या, तेही.
एक गोष्ट मी सांगितली नाही:
काच डब्यात ठेवण्याआधी
पुन्हा एकदा दिव्याखाली धरली होती,
काम संपलं होतं तरी.
गुलाबीत जांभळं उतरत गेलेलं,
सोलकढीत आगळाचा थेंब ढवळावा तसं.
सुंदर होतं.
ते सुंदर म्हणजे त्याचा ताप होता, चौदा रात्रींचा,
आणि मला डोळा काढवेना.

तीन महिने वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही.
मी ओरडायच्या आत तो उठतो
आणि टाचेनं एका बिळात चिखल दाबतो.
मग दुसऱ्या.
तिसऱ्यातून चिंबोरी नांगी दाखवते,
तिला शिवी देतो, आईवरून.

भरती लागते.
पाणी येऊन फळीला टेकतं, फळी चौकटीला.
नोकरीची खोड, मी आकडे मोजते,
मिटायला किती, मिटल्यावर किती गळतं.
खालच्या कोपऱ्यातून बारीक धार आत येतेय,
राताच्या मुळांकडे.
तो मान तिरपी करून ऐकतो.

"तेवरा चालतो," म्हणतो.